डोळा मारा

पैज लागली ती बाटलीवरनं. ढवळगावच्या लोहार गल्लीत बाटलीवरनं याआधीही बरंच काही घडलेलं, एक ठरलेलं लग्नसुद्धा मोडलेलं, पण त्या बाटल्या वेगळ्या. ही बाटली करंगळीएवढी होती, डोळ्यात घालायच्या थेंबांची होती, आणि बोलायची.

मंगळवार, बाजाराचा दिवस. शेटे मेडिकलच्या पायरीवर मुरली लोहार एक डोळा मिटून बसला होता. मुरली म्हणजे गावाचा किल्लीवाला. वय पन्नास, अक्कल अठराची. एकदा शिमग्याला ह्यानं अख्ख्या गल्लीची कुलपं काढून एकमेकांच्या दारांना लावली होती, आणि अर्धा दिवस लोक दुसऱ्याच्या घरात चहा पीत आपापल्या किल्ल्या शोधत बसले होते. तर त्या दिवशी कानस मारताना लोखंडाचा कण उडून त्याच्या उजव्या डोळ्यात गेलेला. सकाळीच तालुक्याला जाऊन तो काढून आला होता. डॉक्टरांनी पंधरा दिवसांचे थेंब लिहून दिले होते, आधी चार वेळा, मग तीन, मग दोन, असे हळूहळू कमी करत बंद करायचे.

विलास शेटेनं काउंटरवरून बाटली पुढं केली. "डोळ्यासमोर धर. पहिल्यांदा नोंद करून घेते ती."

"ती?"

"धर तर."

मुरलीनं धरली. बाटलीच्या गळ्याशी मसुराच्या दाण्याएवढा कॅमेरा होता, तो निळा झाला. आणि आतनं एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार. कृपया डोळा मारा."

पायरीवर बसलेली माणसं आधी गप्प झाली. मग जी फुटली ती फुटलीच. समोरची गिरणीवाली अक्काताई पिठाचा हात तोंडाला लावून हसली, त्यामुळं तिला दाढी आली.

ज्या कुणी दूरच्या शहरात बसून ह्या बाटलीला मराठी शिकवलं, त्याला 'एक डोळा मिटून उघडा' म्हणायचं होतं. समोर जिता डोळा आहे की नुसता फोटो, हे बाटलीला बघायचं असतं. पण मिटण्या-उघडण्याचं मारामारीत रूपांतर झालं, आणि बाटल्या छापून गावोगाव पोचल्या.

"मुरल्या, बायकू घरात हाय न्हवं," अक्काताई म्हणाली. "बाटलीला कसला डोळा मारतोस?"

"औषध हाय अक्का. डॉक्टरनं लिहून दिलंय." मुरलीनं बाटलीला डोळा मारला, आणि घेतलाच आहे हातात म्हणून एक अक्काताईलाही मारला.

"ओळख पटली," बाटली म्हणाली, आणि एक थेंब पडला. एकच. मुरलीनं बाटली दाबली, हलवली, उलटी धरून झटकली. दुसरा नाही.

"पुढचा चार तासांनी," शेटे म्हणाला. "आणि तुझ्याच डोळ्यात. दुसऱ्याच्या नाही."

आता इथं शेटेबद्दल सांगायला पाहिजे. शेटे आणि मुरली एका बाकावर शिकलेले. मुरलीनं आयुष्यभर लोकांना हसवलं आणि शेटे आयुष्यात एकदाच हसला, तेही दाढ काढताना भूल उतरत होती म्हणून. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. पण ह्या थेंबांवर तो बोलायला लागला की थांबायचा नाही, कारण आठ-दहा वर्षांपूर्वी हेच थेंब त्यानं गोळ्या-बिस्किटांसारखे विकले होते. डोळे आले, घाल. वेल्डिंगनं चुरचुरलं, घाल. शेजारणीचे उरलेत, ते घाल. त्याच्या सख्ख्या मामानं दोन वर्षं रोज घातले, छान थंड वाटतं म्हणून. मामा एक दिवस आडव्या आलेल्या ट्रॅक्टरला धडकला. ट्रॅक्टर दिसलाच नव्हता. कडेची नजर कधीच गेली होती.

"दोन औषधं आहेत ह्यात," शेटे सांगायला लागला. "एक जंतू मारतं. दुसरं लाली बसवतं, सूज बसवतं. लोकांना दुसरंच आवडतं. सकाळी घातलं की दुपारी आरसा खूश. पण लाली म्हणजे काय? डोळ्याचे पहारेकरी धावत आलेत, त्यांची पळापळ. दुसरं औषध त्या पहारेकऱ्यांना झोपवतं. आत शिरलेला चोर पहिल्या औषधानं मरणाऱ्यातला असला तर ठीक. बुरशी असली, नाहीतर एखादा विषाणू असला, तर पहिलं औषध त्याला हात लावत नाही, आणि पहारेकरी घोरतायत. आणि महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्याच्या आतलं पाणी तुंबतं, प्रेशर वाढतं. दुखत नाही, खुपत नाही. नजर जाते."

म्हणून ही बाटली. ती डोळा ओळखायची. हवेची बारीक फुंकर मारून डोळ्यातलं प्रेशर मोजायची. बुबुळावरची काच स्वच्छ आहे का बघायची. काही गडबड दिसली तर कुलूप, आणि दर वेळचा अहवाल थेट डॉक्टरांकडं. दिवस संपले की कायमचं कुलूप. कायदाच झाला होता, हे थेंब आता दुसऱ्या कुठल्या बाटलीत मिळायचेच नाहीत.

एवढ्या लांबलचक भाषणातला मुरलीच्या कानात एकच शब्द शिरला. कुलूप.

"म्हंजे डोळा ही किल्ली," तो म्हणाला. "आणि विलास, किल्लीची दुसरी किल्ली निघती."

"ह्याची नाही निघत."

"आठ दिवस दे. पुढच्या बाजारला हीच बाटली दुसऱ्याच्या डोळ्यात थेंब टाकंल."

"कंपनीनं शंभर इंजिनियर बसवलेत."

"त्यातल्या एकाला बी डोळा मारणं म्हंजे काय कळंना, आन तू मला त्यांची भीती घालतोस व्हय?"

शेटेनं वरचं बटण चाचपलं. पायरीवर आता वीसेक माणसं जमली होती. अक्काताईनं अट काढली. हरेल त्यानं भर बाजारात, चौकात उभं राहून ह्या बाटलीतल्या बाईला डोळा मारायचा, आणि मोठ्यानं म्हणायचं, बाई, मी हरलो.

शेटेनं लग्नात हार घालताना बायकोकडंही सरळ बघितलं नव्हतं. तो चौकात डोळा मारतोय, हे चित्र नुसतं डोळ्यासमोर आणून दोघं जण हसून पायरीवरून खाली घसरले.

"लागली," शेटे म्हणाला.

*

मुरलीची बायको शालन साड्यांना फॉल-पिको करायची. तिचा डावा डोळा लहानपणापासून आळशी. त्या डोळ्याला उजेड कळायचा, रंग कळायचा, माणूस उभा आहे की कपाट हे कळायचं, एवढंच. सगळा संसार उजव्यावर. पण त्या उजव्यानं ती अशी सुई ओवायची की मुरलीसुद्धा बारीक खाचांच्या किल्ल्यांचे नंबर तिच्याकडून वाचून घ्यायचा.

गुरुवारी ती म्हशीला उसाचं वाढं आणायला गेली. उसाच्या पानाच्या कडेला करवत असते, हे त्या भागात पोरालाही माहीत. पेंढी बांधताना एक पान सपकन उजव्या डोळ्यावरनं गेलं. पाणी आलं, तिनं पदरानं पुसलं, पेंढी डोक्यावर घेतली.

शनिवारी डोळा लाल झाला. ती शेटेच्या पायरीवर गेली.

"वहिनी, उसाचं पान लागलंय?" शेटेनं विचारलं. "मग माझ्याकडं काही मागू नका. पानावर बुरशी असते. तालुक्याला जावा, आजच जावा. मी गाडी सांगू का?"

घरी बावीस साड्या पडल्या होत्या, सोमवारी लग्नघरी द्यायच्या. तालुका म्हणजे अख्खा दिवस. आणि घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मुरली टेबलावर वाकलेला, मान वर न करता म्हणाला, "त्यो न्हाईच म्हणणार. थेंबाचं नाव काढलं की त्याच्या पोटात गोळा येतोय. पैज हाय ना."

शालनला ते पटलं. खरं सांगायचं तर आपल्याला सगळ्यांना ते पटलं असतं. शेजाऱ्याचा सल्ला आपण त्याच्या चेहऱ्यावरनं वाचतो, आणि शेटेचा चेहरा तसाही कायम हरल्यासारखाच असायचा.

मुरली तीन दिवस दुकान बंद ठेवून बसला होता. त्याचा स्वतःचा डोळा दोन दिवसांत बरा झाला होता आणि त्यानं थेंब सोडून दिले होते. मरेपर्यंत काळजी घेणाऱ्यातला तो नव्हता. त्यानं काय केलं ते ऐका, कारण खरोखर बघण्यासारखं होतं. दाराला बसवायचं भिंग त्याच्याकडं डझनानं पडलेलं, बाहेर कोण आलंय ते बघायचं असतं ना, ते. त्यातलं एक घेतलं. त्याच्यामागं जुन्या घड्याळाचा बटणाएवढा स्क्रीन लावला, आणि त्यात स्वतःच्या डोळ्याचा व्हिडिओ घातला. डोळा बघतो, डोळा मारतो, पुन्हा बघतो. भिंगामुळं तो सपाट डोळा गोल दिसायला लागला. राहिली फुंकर. त्यासाठी फुग्याचं रबर ताणून कडेला बसवलं, कॅमेरा डोळा बघणार आणि हवा रबरावर आपटणार अशा बेतानं. रबर सैल झालं की बाटली म्हणायची, प्रेशर कमी आहे. ताठ झालं की म्हणायची, प्रेशर जास्त आहे. मुरली तबलजीसारखा ते ठोकून ठोकून लावत बसला. रविवारी दुपारी बाटली म्हणाली, "ओळख पटली," आणि थेंब टेबलावर पडला.

असा तो ओरडला की म्हैस उठून उभी राहिली.

"शालन, इकडं ये. आ कर. न्हाई, डोळा कर."

"माझ्या डोळ्यावर परयोग व्हय?"

"परयोग कसला, औषध हाय. येका दगडात तुझा डोळा बरा आन विलासचा डोळा बाजारात."

ती हसली. पुढच्या थेंबाला चार तास होते, ते झाल्यावर तिनं मान मागं केली. थेंब पडला. "गार लागतंय," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी लाली निम्मी झाली होती. दुपारी ठणका गेला. तिनं बावीसच्या बावीस साड्या दिल्या. संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाली, "जरा धुकं दिसतंय."

"थेंबाचा चिकटपणा," मुरली म्हणाला.

*

मंगळवारी चौकात मेथीच्या पेंढ्या विकणाऱ्या बायकासुद्धा पाट्या सोडून आल्या. निम्म्यांनी फोन वर धरलेले. मधे खुर्ची, खुर्चीवर शालन, लग्नघरून मिळालेली साडी नेसून. तिला मजा वाटत होती, उगाच खोटं कशाला सांगू.

शेटेची अट होती की आधी बाटली नुसतीच धरायची, कुलूप लागलेलं आहे हे सगळ्यांना दिसायला. मुरलीनं ती शालनच्या उजव्या डोळ्यासमोर धरली.

"नमस्कार. कृपया डोळा मारा."

शिट्ट्या. शालननं तोंडाला पदर लावून डोळा मारला.

बाटली नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प बसली. मग त्याच गोड आवाजात म्हणाली, "हा डोळा नोंदवलेला नाही. डोळ्यात फूल आहे. औषध मिळणार नाही. कृपया आजच डॉक्टरांना भेटा."

डोळ्यात फूल. चौक कोसळला हसून. आधी म्हणे डोळा मारा, आता म्हणे डोळ्यात फूल. अक्काताई म्हणाली, "आगं बया, ही तर मुरलीपेक्षा गोड बोलती." मुरलीनं बाटली कानाला लावून विचारलं, "गुलाब हाय का मोगरा, तेवढं सांगा बाई."

आता फूल पडणं म्हणजे काय, हे त्या चौकात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. बुबुळावर पांढरा डाग आला की त्याला आपल्याकडं फूल पडलं म्हणतात. मेथीवाल्या बायकांच्या आज्यांना फूल पडलेलं होतं. मुरलीच्या स्वतःच्या चुलत्याला होतं. कंपनीच्या माणसानं ह्या वेळी शब्द अगदी बरोबर घातला होता, आपला, गावातला, रोजचा. पण ज्या तोंडातनं आठवडाभर 'डोळा मारा' ऐकलं, त्या तोंडातनं फूल आलं की माणूस गुलाबच समजणार.

एकटा शेटे हसला नाही. पण तो कधीच हसत नाही.

"मुरली, थांब," तो पुढं आला. "फूल म्हणजे फूल पडलंय म्हणतीय ती. वहिनी, तुम्हाला धूसर दिसतंय का?"

"हरायची वेळ आली की माणसाला फुलं दिसत्यात," मुरली लोकांना म्हणाला, आणि लोक पुन्हा हसले.

"मी हरलो. झालं? हरलो म्हणतो. थेंब घालू नको."

"आसं फुकाट न्हाई हरायचं, विलास. रीतसर हर."

आणि मुरलीनं भिंगाचं टोपण बाटलीच्या गळ्यात बसवलं. "ओळख पटली," बाई म्हणाली. थेंब शालनच्या डोळ्यात पडला, आणि चौकानं आकाश डोक्यावर घेतलं. शेटेनं पुढच्या बाजारला पैज फेडायची असं ठरलं, कारण आज त्याचा चेहरा बघून कुणाला त्याला आग्रह करवेना.

तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत चार तालुक्यांत गेला.

दुसऱ्या दिवसापासून मुरलीच्या दुकानासमोर माणसं उभी. कुणाची आई, कुणाचा वेल्डर भाऊ, कुणाचे डोळे आलेले, आणि घरात कुणाच्या तरी नावाची, दिवस शिल्लक असलेली बाटली. उघडपणे मागायची सोय नव्हती, कायदा होता. मग लोकांनी खूण काढली. दुकानासमोर यायचं आणि काही न बोलता डोळा मारायचा. मुरली उलट डोळा मारायचा, बाटली ज्याच्या नावाची त्याच्या डोळ्याचा व्हिडिओ टोपणात भरायचा आणि आतनं ते आणून द्यायचा. पैसे घ्यायचा नाही. लोकांनी टोपणाला नाव दिलं, मुरलीची किल्ली. पैसे त्यापुढं काय आहेत?

*

रविवारी सकाळी शालननं चहाचा कप टेबलाच्या अर्धी वीत अलीकडं ठेवला. कप फुटला. मुरली हसत वळला, आणि त्याला तिचा डोळा दिसला.

लाली नव्हतीच. पांढरंशुभ्र होतं सगळं. बुबुळाच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढं पांढरं, कडा पिंजलेल्या, कापसासारख्या. फूल.

तालुक्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पट्टणशेट्टी डॉक्टर होत्या, वयानं शालनपेक्षा लहान. त्यांनी बराच वेळ यंत्रातनं बघितलं. मग स्वतःच्या स्क्रीनवर काहीतरी शोधलं, आणि तो स्क्रीन मुरलीकडं वळवला.

"ही तुमच्या बाटलीची नोंद. रविवारपासून रविवारपर्यंत, रोज तीन-चार वेळा. मुरलीधर लोहार, उजवा डोळा, ठणठणीत. ठणठणीत. ठणठणीत. ह्या सगळ्या वेळेला थेंब ह्यांच्या डोळ्यात पडत होते?"

मुरलीनं होय म्हणून मान हलवली.

"आणि मंगळवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी ही एक ओळ. अनोळखी डोळा, फूल, तातडीचं. हे मी बघितलं होतं. नाव नव्हतं. कुणाला फोन करणार? तुमच्या नंबरवर दोनदा केला."

त्या दिवशी मुरलीच्या फोनवर दोनशे फोन येऊन गेले होते, शाबासकीचे.

डॉक्टर बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शालनला नीट समजावून सांगितलं. बुरशी पानावरनं आली. पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर बुरशीच्या थेंबांनी बहुतेक आवरलं असतं, एक बारीक डाग राहिला असता. पण लाली बसवणाऱ्या औषधानं तिला रान मोकळं करून दिलं. बरं वाटत होतं ते औषधामुळं, आणि आत बुरशी काच खात खात पलीकडं गेली.

"आता यंत्रावर छापलेली काच मिळती म्हणं," मुरली म्हणाला. "मी बातमीत बघितलंय."

"मिळते. बसवूसुद्धा. पण मागचा पडदा वाचला तर."

बसवली. दोन महिने शालन तिथं पडून होती, तासा-तासाला थेंब. नवी काच तेरा दिवस आरशासारखी राहिली. चौदाव्या दिवशी तिच्या कडेला कापूस दिसला. मग दुसरं ऑपरेशन, मग तिसरं. शेवटी डॉक्टर बाईंनी टॉर्च मारून विचारलं, उजेड कुठून येतोय? शालननं बोट दाखवलं. टॉर्च दुसऱ्या बाजूला होती.

त्या दोन महिन्यांत मुरली मधेमधे गावाकडं यायचा तो एकाच कामाला. टोपणं परत मागायला. दारोदार फिरला. चौदा दिली होती, पाच मिळाली. बाकीच्यांनी हात जोडले, हरवलं म्हणाले, भाच्यानं नेलं म्हणाले. एका घरात म्हातारा ओट्यावर बसून डोळ्यात थेंब घालत होता, टोपण मुरलीचं नव्हतंच. ते कुठल्यातरी दुसऱ्या गावात बनलेलं होतं, व्हिडिओ बघून, मुरलीच्यापेक्षा सुबक. म्हाताऱ्याला त्यानं सगळं सांगितलं, शालनचं सांगितलं. म्हातारा ऐकून घेऊन म्हणाला, "मला न्हाई उसाचं पान लागलं." आणि डोळा मारला.

किल्लीवाल्याला एवढं पक्कं माहीत असतं, की किल्ली परत मागता येते. खाचा परत मागता येत नाहीत.

*

शालन घरी आली. पिकोच्या मशीनवर तिनं स्वतःच चाचपत चादर टाकली. डाव्या डोळ्यानं तिला आता मुरली कळायचा, उभा काळा पट्टा, आणि म्हैस कळायची, आडवा काळा पट्टा. हे तिनंच सांगितलं, हसून. मुरलीला हसता आलं नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी संध्याकाळी शेटे आला. दारातच उभा राहिला. वरचं बटण उघडं होतं.

"वहिनी, पैज राहिलीय माझी. लोक विसरलेत, पण मी हरलोय. उद्या बाजार आहे. फेडतो."

"तुमी कशापायी फेडताय, भाऊजी?" शालन आवाजाच्या दिशेनं वळली. "तुमी तर सांगितलं हुतं. आन ती बाटलीतली बाईबी सांगत हुती."

मुरलीनं मशीनवरची चादर उगाचच नीट केली. 

"अवो," ती मुरलीला म्हणाली. "बाटली हाय ना अजून?"

"हाय."

"मग उद्या मला चौकात न्या."

मंगळवारी चौकात मेथी होती, वांगी होती, गुरांच्या दोरांची दुकानं होती. मुरलीनं शालनला शेटेच्या पायरीवर बसवलं. शेजारी अक्काताई बसली, तिचा हात धरून. पिठाचा पांढरा पंजा शालनच्या मनगटावर उमटला. शालनला तो दिसणार नव्हता, म्हणून अक्काताईनं पुसला नाही.

मुरली चौकाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. लोकांना वाटलं नवा खेळ आहे. पोती बाजूला झाली, फोन वर झाले, कुणीतरी आधीच हसायला लागलं.

त्यानं खिशातनं बाटली काढली, टोपण लावलं नाही, नुसतीच उजव्या डोळ्यासमोर धरली.

"नमस्कार," बाई म्हणाली. दोन महिने पडून होती, तरी आवाज तसाच गोड. "कृपया डोळा मारा."

मुरलीनं डोळा मारला. पापणी पूर्ण मिटली, मग उघडली.

"ओळख पटली. मुरलीधर लोहार. तुमचे औषधाचे दिवस संपले आहेत. तुमचा डोळा उत्तम आहे. तुम्हाला औषधाची गरज नाही."

"बाई," मुरली म्हणाला. मग अटीप्रमाणं मोठ्यानं म्हणाला, "बाई, मी हरलो."

हसणाऱ्यानं फोन खाली केला. दूर कुठंतरी वजनकाट्यावर वांगी पडत होती.

गर्दीच्या मागच्या बाजूला एक परगावचा माणूस उभा होता, खांद्यावर नवा दोर. त्याला पैजेचं काही माहीत नव्हतं. त्यानं फक्त मुरली किल्लीवाल्याला डोळा मारताना बघितलं. त्यानं आजूबाजूला नजर टाकली, ओळखीचं हसला, आणि मुरलीला उलट डोळा मारला. त्याच्या पलीकडं एका बाईनंही मारला. तिच्या कडेवर लाल डोळ्यांचं लेकरू होतं.

पायरीवर शालननं मान वर केली. "अक्का, मारला का त्यांनी?"

अक्काताईची नजर त्या लेकराच्या डोळ्यांवर होती.

"मारला, वहिनी," शेटे म्हणाला. "मी बघितला."